७० मिमीची दुर्बीण, आठ वर्षांची लेक आणि भिंतीवरचं कॅलेंडर: नऊ महिन्यांनंतर

जून २०२५ मध्ये लेकीच्या आठव्या वाढदिवसाला दुर्बीण घेतली. ७० मिमीचं भिंग, ७०० मिमी फोकल लेंग्थ (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, साडेसात हजार रुपये. जूनमध्ये दुर्बीण घेणं म्हणजे मे महिन्यात रेनकोट घेण्यासारखंच, हे बिल झाल्यावर लक्षात आलं. दसऱ्यापर्यंत खोकं कपाटावर. मधे ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हा डोंबिवलीच्या गच्चीवर आम्ही छत्री घेऊन ढगांकडे बघत बसलो होतो. तेवढ्या काळात एक शहाणपणा मात्र केला, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत "५२५ पट" छापलंय. हिशोब खरा आहे: ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) भागा, वर ३ पटीचं बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावा, झाले ५२५. पण ७० मिमीच्या भिंगातून जेमतेम १४० पटीपर्यंतच काही धड दिसतं. त्यापुढे चंद्रसुद्धा ओल्या काचेमागच्या दिव्यासारखा दिसतो. आम्ही वापरतो ती दोनच आयपीस: २५ मिमी (२८ पट) आणि १० मिमी (७० पट). बाकीची डबीत पडून आहेत.

डबीतली एक वस्तू मात्र मी पहिल्याच दिवशी चेचून केरात टाकली. आयपीसला लावायचा काळ्या काचेचा "सन फिल्टर". दुर्बिणीने गोळा केलेली सगळी उष्णता त्या इवल्याशा काचेवर येते, ती तडकली की थेट डोळा. सूर्य बघायचा तर फिल्टर पुढच्या मोठ्या भिंगावरच हवा, तोही खात्रीचा. आमच्याकडे नियम साधा आहे: ऊन असताना दुर्बीण बाहेर काढायचीच नाही.

ट्रायपॉड लटपटतो. पाय पूर्ण लांब केले तर डास बसला तरी गुरू नाचायला लागतो. आता पाय आखूड ठेवून मधल्या तबकाला वाळूची पिशवी लटकवते, बराच फरक पडला. फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) प्लास्टिकचा स्क्रू वापराच्या दुसऱ्याच महिन्यात मोडला. विक्रेत्याला तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. सध्या रबरबँडवर काम चाललंय. मुलांचं म्हणाल तर ती आयपीस दोन्ही हातांनी घट्ट पकडतात आणि मग काहीच दिसत नाही. त्यावर सासूबाईंनी तोडगा काढला: "विठोबासारखे हात कमरेवर ठेव आणि बघ." तेव्हापासून गच्चीवर येणारं सोसायटीतलं प्रत्येक पोर विठोबा होऊन उभं राहतं.

पहिला खरा दिवस कोजागरीचा ठरवला होता. मसाला दूध, पूर्ण चंद्र, नवी दुर्बीण. साफ फसला. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्याच नसतात, त्यामुळे विवरं उठून दिसत नाहीत. नुसता डोळे दिपवणारा पांढरा थाळा. लेक दोन मिनिटांत दुधाकडे वळली.

मग कळलं की आमचं खरं माहितीपुस्तक स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलंय. शुद्ध पंचमी ते अष्टमी, हे चार दिवस चंद्राचे. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सावल्या लांब पडतात आणि विवरांच्या कडा नखाने खरवडून काढाव्यात तशा दिसतात. मार्गशीर्षातल्या षष्ठीला थिओफिलस नावाचं विवर दाखवलं. ते सुमारे १०० किमी रुंद आहे, मधोमध डोंगर. "म्हणजे आपण इथून निघालो तर लोणावळ्याच्या पुढे जाऊ तरी खड्डाच?" हो, खड्डाच. (रस्त्यांची सवय असल्यामुळे तिला यात फारसं नवल वाटलं नाही.) आता तीच कॅलेंडरवर अष्टमीला पेन्सिलने गोल करून ठेवते. एक लक्षात ठेवा, दुर्बिणीच्या वाकड्या नळीतल्या आरशामुळे चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. नकाशाशी जुळत नाही म्हणून आमची एक संध्याकाळ भांडणात गेली.

शनीने निराश केलं, पण दोष दुर्बिणीचा नाही. खोक्यावरच्या चित्रात रुंद, देखणी कडी. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला बघितला तर मोतीचुराच्या लाडवातून काडी आरपार घालावी तसा. "आई, कडी कुठायत?" २०२५ मध्ये कडी आपल्याला जवळजवळ आडवी, धारेवर दिसत होती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यात साधारण दर पंधरा वर्षांनी हे होतं. मी स्टीलचं ताट तिच्या डोळ्यांसमोर आडवं धरलं, मग हळूच कलतं केलं. तिने ताट माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः चार-पाच वेळा करून पाहिलं. पुन्हा रुंद कडी दिसतील २०३२ च्या सुमारास. "तेव्हा मी पंधरा वर्षांची!" हे तिने स्वतःच काढलं.

पैसे वसूल केले ते गुरूने. १० जानेवारीला तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, म्हणजे रात्रभर आकाशात. २८ पटीतही शेजारी चार ठिपके एका ओळीत दिसतात: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. लेकीने वहीत रोज एक गोल आणि त्याच्या आजूबाजूला ठिपके काढायला सुरुवात केली. आयो ४२ तासांत फेरी मारतो, त्यामुळे आज डावीकडे असलेला उद्या उजवीकडे, कधी एखादा गायबच. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला हेच टिपायला सुरुवात केली होती, आणि त्याची दुर्बीण जेमतेम २० पटीची. हे ऐकल्यावर तिने वहीच्या कव्हरवर त्याच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं.

६ जानेवारीला अंगारकी होती. सासूबाईंचा उपास, चंद्रोदय सव्वानऊच्या पुढे, त्यातून पूर्वेला समोरची बिल्डिंग. ताटं झाकून आम्ही तिघी गच्चीवर. चंद्र यायचा होता, म्हणून लेकीने आजीला गुरू दाखवला. सासूबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे चार त्याचे चंद्रच ना गं? म्हणजे गुरूवर महिन्याला चार-चार संकष्ट्या?" लेक खरंच हिशोबाला बसली. आयोची दर ४२ तासांनी एक, तर महिन्याला सतरा. "नको गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "तिथे जन्म नको."

७० पटीत ग्रह दोन-तीन मिनिटांत चित्राबाहेर सरकतो. मला हा त्रास वाटायचा. एकदा लेक ओरडली, "गुरू पळतोय!" आणि मग स्वतःच थांबून, "नाही, आपण फिरतोय." शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचं परिवलन तिने आधीच पाठ केलं होतं.

अंतराचं मात्र दुर्बिणीला जमत नाही. त्यासाठी १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किमी धरलं. सूर्य १४ सेंटिमीटरचा पुठ्ठा, पृथ्वी १५ मीटरवर मोहरी, चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरवर मिठाचा कण. मंगळ २३ मीटरवर, तिथे आमची गच्ची संपते. गुरू म्हणजे गोटी, ७८ मीटरवर, गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी. नेपच्यून म्हणजे मिरी, ४५० मीटरवर, तिथपर्यंत चालायला तिने नकार दिला.

घेण्याआधी हे माहीत असू द्या: युरेनस मिळाला तरी ठिपकाच, प्लूटो विसराच. २०२५-२६ च्या हिवाळ्यात मंगळ आणि शुक्र दोघेही सूर्यामागे होते. मार्च २०२६ मध्ये शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, पण जवळजवळ गोल. त्याची चंद्रासारखी कोर व्हायची ती सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी पावसात. छत्री तयार आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या स्क्रूचा कापला, एक खोक्यावरच्या ५२५ चा.