सन्मानचिन्ह आणि पत्रिका करायच्या तर इथेच, काका शब्दन् शब्द वाचतात

आईच्या सेवापूर्ती सोहळ्यासाठी या छपाईच्या दुकानातून पत्रिका आणि लाकडी सन्मानचिन्ह करून घेतलं. आई 34 वर्षं शाळेत शिकवत होती, त्यामुळे एक अक्षर जरी चुकलं असतं तरी मला चाललं नसतं. मागच्या वर्षी सोसायटीतल्या दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता तेव्हा दुसरीकडे फ्लेक्स केलेला, त्यावर भल्यामोठ्या अक्षरात फेलिसिटेशनच्या जागी फॅसिलिटेशन छापून आलं, आणि आता प्रत्येक फोटोत मुलांच्या डोक्यावर तोच शब्द आहे, फार वाईट वाटतं बघून. फॅसिलिटेट म्हणजे काम सोपं करून देणं, मूळ लॅटिन फॅसिलिस म्हणजे सोपं. फेलिसिटेटचं मूळ फेलिक्स, म्हणजे सुखी, भाग्यवान. दोन्ही शब्द खरेच आहेत त्यामुळे कॉम्प्युटर खाली लाल रेघ पण मारत नाही, माणसानेच वाचायला लागतं.

इथे दुकानातले काका वाचतात. प्रूफचा कागद घेऊन पेन्सिल एकेका शब्दाखाली ठेवत गेले, मी ‘फेलिसिटेशन टू’ लिहिलेलं ते खोडून ‘ऑफ’ केलं, मग विचारलं पत्रिका कुणाकुणाला जाणार. म्हटलं मामा लंडनला असतो, त्याच्याकडच्या इंग्रज मंडळींनाही पाठवायचीय. तर म्हणाले, “अहो ताई, तिकडे फेलिसिटेट म्हणजे नुसतं अभिनंदन करणं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार हा अर्थ आपल्याकडचा. त्यांच्या पत्रिकेत ‘इन ऑनर ऑफ’ टाका, इथल्यांना आहे तेच राहू द्या.” घरी येऊन डिक्शनरी उघडली तर सत्काराच्या अर्थापुढे खरंच भारतीय वापर असं दिलंय!

सन्मानचिन्हावर मराठी ओळ होती, ‘सहकाऱ्यांकडून सस्नेह’, त्यातला ऱ्या फॉन्टमध्ये फुटत होता, र वेगळा आणि या वेगळा. काकांनी तीन फॉन्ट बदलून बघितले आणि नीट दिसल्यावरच लेझरला लावलं. आईने हातात घेतल्यावर आधी त्या ऱ्या वरून बोट फिरवलं.

सन्मानचिन्हाचे 650 रुपये घेतले, मला जास्त नाही वाटले. पार्किंग मात्र नाही, गाडी लांब लावावी लागते, आणि निकाल लागले की सत्कारांची गर्दी असते तेव्हा आठवडाभर आधी मजकूर द्या. यंदा सोसायटीचा फ्लेक्स पण इथेच टाकलाय, प्रूफ उद्या मिळेल.