हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी: हिवाळाभर वापरल्यानंतर

हिवाळ्यात एसीने खोली गरम होते का? होते, आणि साध्या हीटरपेक्षा बरीच कमी वीज खाऊन होते. मात्र हीटरसारखं 'गारठलो की लावला, ऊब आली की बंद' असं वापरलं तर एसी ना धड ऊब देतो, ना बिल वाचवतो. पुष्कळशा तक्रारी इथेच सुरू होतात.

आधी विजेचा हिशोब. 2000 वॅटचा हीटर 2000 वॅट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. बाहेर 7 अंश असताना चांगला इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी) एका युनिट विजेवर साडेतीन ते चार युनिट उष्णता आत टाकतो. म्हणजे हीटरइतक्या उबेसाठी 500 ते 600 वॅट पुरतात. पारा उणे 7 वर गेला की हाच आकडा दोन-अडीचपर्यंत घसरतो. तरीही हीटरच्या तुलनेत तो निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. खरी अडचण वेगळी आहे. थंडी वाढते तशी खोलीची गरज वाढते आणि त्याच वेळी यंत्राची ताकद कमी होत जाते. कॅटलॉगमधली हीटिंगची क्षमता साधारणपणे बाहेर 7 अंश धरून दिलेली असते. जिथे पारा नेहमी शून्याखाली उतरतो तिथे विकत घेण्याआधी उणे 7 आणि उणे 15 अंशांचा तक्ता मागून घ्यावा. नुसत्या टनावर जाऊ नये. टन हे मुख्यतः गारव्याचं माप आहे.

फक्त कूलिंगचा एसी असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. गॅसचा प्रवाह उलटा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह त्यात नसतो. रिमोटवर तापमान 30 केलं तरी कॉम्प्रेसर फक्त बंद पडतो आणि पंखा फिरत राहतो. 'ड्राय' हाही कूलिंगचाच सौम्य प्रकार आहे, गरम हवेचा नाही. रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे म्हणून खुश होऊ नका. एकच रिमोट अनेक मॉडेल्सना दिलेला असतो, त्यामुळे युनिटवरच्या पट्टीवर हीटिंगची क्षमता छापलेली आहे का ते पाहा.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे सेन्सरची जागा. तो आतल्या युनिटमध्ये, छताजवळ असतो. गरम हवा वर साचते, म्हणून खाली बसणाऱ्याला 18 अंश असताना सेन्सरला 21 दिसतात आणि कॉम्प्रेसर मंदावतो. याला दोन उपाय आहेत. रिमोटमध्ये स्वतःचा सेन्सर असेल तर ती सोय चालू करून रिमोट बसण्याच्या उंचीवर ठेवा. नसेल तर हवं त्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त लावा आणि खोलीत एक स्वस्तातला थर्मामीटर ठेवा. रिमोटवरचा आकडा आणि थर्मामीटर यांच्यातला फरक एकदा कळला की रोज चाचपडावं लागत नाही.

फ्लॅप, म्हणजे हवेची दिशा ठरवणारी पट्टी, पूर्ण खाली हवा. कूलिंगला तो आडवा ठेवायची सवय असते. हीटिंगला तसाच राहिला तर छत तापतं आणि पाय गारच राहतात. पंख्याचा वेग ऑटो किंवा मध्यम ठेवा. आवाज नको म्हणून तो अगदी कमी केला तर कॉइलवरची (गॅस वाहणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावरची) उष्णता हवेत उतरत नाही, कॉइलचं तापमान आणि दाब चढतो आणि त्याच उबेसाठी कॉम्प्रेसर जास्त वीज घेतो. आतल्या युनिटची जाळी (फिल्टर) धुळीने भरली तरी नेमकं हेच घडतं. म्हणून हिवाळ्यातही दर दोन आठवड्यांनी जाळी धुवावी. 'उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग केलं की झालं' हा हिशोब हीटिंगला चालत नाही.

चालू केल्यावर पंखा एक ते तीन मिनिटं फिरतच नाही. हा बिघाड नाही. कॉइल तापेपर्यंत गार हवा अंगावर येऊ नये म्हणून तो थांबवलेला असतो. गारठलेली खोली उबदार व्हायला 20 ते 40 मिनिटं धरा. हवा लवकर तापते, भिंती आणि फर्निचर नाही. म्हणूनच एसी सतत सौम्यपणे चालू ठेवणं परवडतं. रात्री दोन अंश कमी करा, पूर्ण बंद करू नका. दिवसभर घर रिकामं असेल तर बंद केल्याने वीज नक्की वाचते. पण दर तासाला चालू-बंद केलं तर कॉम्प्रेसर दर वेळी पूर्ण ताकदीवर पळतो आणि इन्व्हर्टरचा सगळा फायदा तिथेच संपतो.

आता डिफ्रॉस्ट, म्हणजे बाहेरच्या युनिटवरचा बर्फ यंत्राने स्वतःच वितळवणं. नवीन वापरणाऱ्यांचे सगळ्यात जास्त फोन मेकॅनिकला याचसाठी जात असावेत. हीटिंगमध्ये बाहेरचं कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही गार असतं. हवा 3 अंशांची असली तरी कॉइल शून्याखाली जातं आणि हवेतली ओल त्यावर बर्फ होऊन बसते. थर जाड झाला की हवा आरपार जात नाही. मग यंत्र काही मिनिटांसाठी उलटं चालतं: दोन्ही पंखे थांबतात, 'फुस्स' असा आवाज येतो, बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते, पाणी गळतं आणि आत ऊब येत नाही. ती वाफ पाहून धूर समजून मेन स्विच बंद करू नका. डिफ्रॉस्ट अर्धवट राहिला तर उरलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि पुढचा थर आणखी कडक होतो.

सगळ्यात वाईट हवा म्हणजे कडाक्याची थंडी नव्हे, तर साधारण उणे 2 ते अधिक 4 अंशांची ओलसर, धुकट हवा. उणे 10 ला हवेत ओलच इतकी कमी असते की बर्फ कमी धरतो. धुक्याच्या दिवसांत तास-सव्वा तासाने तीन ते दहा मिनिटांचा डिफ्रॉस्ट होणं स्वाभाविक आहे. दर वीस मिनिटांनी होत असेल तर कॉइल मळलंय, गॅस कमी आहे किंवा युनिट स्वतःचीच गार हवा परत ओढतंय. बंदिस्त बाल्कनीत बसवलेल्या युनिटचं हे तिसरं दुखणं सर्रास दिसतं आणि जागा बदलल्याशिवाय ते जात नाही.

बर्फाची ठेवण पाहूनही पुष्कळ कळतं. पातळ, पांढरा थर सगळीकडे सारखा असेल तर ठीक. कॉइलचा एकच भाग गोठलेला आणि बाकीचा कोरडा असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. बर्फ खरवडायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. पातळ नळीला भोक पडलं की खर्च मोठा. उकळतं पाणीही ओतू नका, ते तळाच्या ट्रेमध्ये जाऊन गोठतं. जिथे पाणी गोठतं तिथे बाहेरच्या युनिटला खालून लांब, बारीक ड्रेन पाइप लावणं चुकीचं आहे. पाइप बर्फाने बुजतो, पाणी ट्रेमध्ये साचतं आणि शेवटी बर्फ पंख्याच्या पात्यांना लागतो. भोकं मोकळी ठेवा, युनिट जमिनीपासून निदान 10-15 सेंटीमीटर उचला, बर्फ पडत असेल तर त्याहून वर. थंड प्रदेशासाठीच्या मॉडेलमध्ये ट्रेला हीटर असतो. तो जास्तीचे पैसे देऊन घेण्यासारखा आहे.

हवा कोरडी पडते ही तक्रार खरी, पण दोष एसीचा नाही. हीटिंगमध्ये तो ओल शोषत नाही. बाहेरची 5 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन 21 अंशांवर तापली की तिची आर्द्रता आपोआप 28 टक्क्यांच्या आसपास येते. कुठल्याही साधनाने तापवली तरी हेच होईल. आणखी एक छोटी गोष्ट: आतल्या युनिटचा ड्रेन पाइप सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला असेल तर हिवाळ्यात त्यातून पाणी वाहत नाही, ट्रॅप (पाणी साचवून वास अडवणारा पाइपचा बाक) सुकतो आणि खोलीत वास येतो. ट्रॅपमध्ये अधूनमधून कपभर पाणी ओतलं की वास बंद.

हीट लावूनही गार हवाच येत राहिली तर संशय फोर-वे व्हॉल्व्हवर घ्यावा. बहुतेक घरगुती एसीमध्ये त्याच्या कॉइलला (इथे नळ्या नव्हे, विजेच्या तारेची गुंडाळी) हीटिंगमध्ये वीज मिळते; कॉइल जळालं की यंत्र मुकाट्याने कूलिंगच करतं. नुसतं कॉइल बदलणं सोपं असतं, कारण ते व्हॉल्व्हवर बाहेरून बसतं. आतला व्हॉल्व्हच अडकला असेल तर गॅस काढून ब्रेझिंग (नळ्या तापवून धातूने जोडणं) करावं लागतं. त्यामुळे 'व्हॉल्व्ह गेला' असं ऐकल्यावर आधी कॉइल तपासलं का, ते विचारा.

गॅस भरण्याबाबत मात्र हट्ट धरा. हिवाळ्यात नुसता दाब बघून भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो. गळती शोधून, व्हॅक्यूम करून (पाइपमधली हवा पंपाने काढून), युनिटवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायला हवा. शिवाय हीटिंग चालू असताना जाड पाइपच्या सर्व्हिस पोर्टवर उच्च दाब असतो, कूलिंगसारखा कमी नाही. आर-32 किंवा आर-410ए या गॅसांमध्ये तो 25 बारच्याही वर सहज जातो. मेकॅनिक कमी दाबाचा गेज (दाबमापक) तिथे लावायला निघाला तर आधी एसी बंद करायला सांगा.