पुण्यातली सामाईक क्लीनरूम: प्रोसेस फ्लोच्या बैठकीचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत दाब मोजणारे सिलिकॉनचे सेन्सर बनतात. स्वतःची क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली, उभारणं आम्हाला परवडणारं नाही, म्हणून चिपचं काम पुण्यातल्याच एका संस्थेच्या सामाईक क्लीनरूममध्ये चालतं. यंत्रं चांगली, लिथोग्राफीची (प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवण्याची) पिवळी खोली नीट राखलेली, दर झेपणारे. पण मी ओळखीच्या लोकांना तिथे पाठवते ती यंत्रांवरची वेळ (स्लॉट) देण्याआधी होणाऱ्या प्रोसेस फ्लोच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या क्रमाच्या, बैठकीसाठी.

वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) डब्यातून काढल्यापासून डायसिंगपर्यंतची, म्हणजे चिप कापून सुट्या करेपर्यंतची, प्रत्येक पायरी तक्त्यात लिहायची: यंत्र, रसायन, तापमान, वेळ आणि त्या वेळी वेफरवर कोणकोणते थर आहेत. हा शेवटचा रकाना भरताना जीव मेटाकुटीला येतो, पण निम्म्या चुका तिथेच सापडतात. मग तिथले ज्येष्ठ प्रोसेस इंजिनिअर, ज्यांना आम्ही सर म्हणतो, पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासतात.

आमच्या सेन्सरला मागून सिलिकॉन कोरून पातळ पडदा करावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं ३० टक्के द्रावण, ८० अंश सेल्सिअस, वेग मिनिटाला साधारण एक मायक्रॉन. चार इंची वेफर ५२५ मायक्रॉन जाड, म्हणजे आठ तासांहून जास्त. सरांनी पहिलंच विचारलं, "ताई, वेट बेंच (रसायनांचं टेबल) सहाला बंद होतो. द्रावणाच्या बाथपाशी कोण थांबणार?" कोरलेल्या खड्ड्याच्या भिंती ५४.७ अंशांत तिरक्या उतरतात, म्हणून एक मिलिमीटरच्या पडद्याला मास्कवर (नक्षीच्या साच्यावर) सुमारे १.७ मिलिमीटरची खिडकी लागते. मास्कची ऑर्डर जाण्याआधी तेही त्यांनी मोजून पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्रमावर. जोडणीचं ॲल्युमिनियम आधी लावलं तर हे द्रावण ते खाऊन टाकतं. म्हणून पुढची बाजू पूर्ण बंद करणारा होल्डर हवा. आधी कोरलं तर पातळ पडद्यांचा वेफर स्पिनरच्या (रेझिस्ट, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेप, फिरवून पसरवणाऱ्या यंत्राच्या) हवा ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूम चकवर ठेवायचा, आणि पडदे फुटायची धास्ती. शिवाय पोटॅशियमचे आयन ऑक्साइडमध्ये हिंडत राहतात, त्यामुळे कोरलेला वेफर भट्टीत न्यायला तिथे सक्त मनाई. बोरॉनचं डिफ्युजन (सिलिकॉनमध्ये बोरॉन मुरवणं), ऑक्साइड, नायट्राइड हे सगळं आधीच उरकायचं. भट्टीतलं नायट्राइड ७०० अंशांच्या वर बसतं आणि ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, तेव्हा त्या दोघांच्या क्रमावर चर्चाच नको. शेवटी आम्ही धातू आधी आणि होल्डर, हा मार्ग धरला.

ही कडक तपासणी मला मनापासून पटते. सोनं लावलेला एक वेफर कुणी भट्टीत सरकवला, तर ते सोनं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं, विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांचं आयुष्य घटवतं आणि पुढे भट्टीच्या त्या नळीत जाणाऱ्या प्रत्येकाचं डिव्हाइस बिघडवू शकतं. एखाद्या पीएचडीच्या मुलीची वर्षभराची मेहनत त्यात वाया जाते, आणि कारण तिला कळतही नाही.

आता उणिवा. पेन्सिलीच्या दुरुस्त्या कागदावरच राहतात. आत ऑपरेटरच्या हातात जुनीच प्रत असते. हे धोक्याचं आहे आणि आवृत्तीचा क्रमांक छापला तरी सुटेल. तक्त्यात आर्द्रतेचा रकाना नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत वेफरवर पाण्याचा थर चटकन धरतो आणि रेझिस्ट डेव्हलपरमध्ये (नक्षी उघडी करणाऱ्या द्रावणात) सुटून येतो. कोरडं भाजणं आणि एचएमडीएस (रेझिस्ट घट्ट चिकटवणारं रसायन) या पायऱ्या पावसाळ्यात तरी सक्तीच्या हव्यात. काम झाल्यावर मात्र कुणी परत बसत नाही. प्रत्यक्षात थर किती जाड आला, किती खोल कोरलं गेलं, हे फ्लोवर नोंदवलं तर पुढच्या गटाचे चाचणी वेफर वाचतील.

बैठकीला जाताना प्रत्येक पायरीनंतरचा वेफरचा आडवा छेद हाताने काढून न्या, मागची बाजूही दाखवा. तक्त्यापेक्षा सर तोच आधी मागतात.