चरित्र लिहून देणारी सर्व्हिस: भाषा झकास, पुराव्याच्या नावाने बोंब (५ पैकी अडीच स्टार)

आमच्या समुपदेशन कोर्सच्या मुलांसाठी छोट्या चरित्रपुस्तिका काढतोय, त्यातली एक व्हर्जिनिया सॅटीर या अमेरिकन कुटुंब-समुपदेशिकेवर. मला स्वतः लिहायला वेळ नव्हता म्हणून एका कंटेंटवाल्यांना काम दिलं (नाव मुद्दाम टाकत नाही), ३ हजार शब्द, पंधरा दिवस, अर्धे पैसे आधी अर्धे नंतर.

वेळेवर मिळालं, हे आधीच सांगते. भाषा पण छान, कुठे गूगल ट्रान्सलेटचा वास नाही. बालपण तर मस्तच उतरलंय, १९१६ चा जन्म, विस्कॉन्सिनमधलं नील्सव्हिल, पाच भावंडांत थोरली, पोरीचं अपेंडिक्स दुखतंय पण आई ख्रिश्चन सायन्स पंथाची म्हणून डॉक्टर नको म्हणते, शेवटी वडील ऐकत नाहीत आणि उचलून नेतात तोवर ते फुटलेलं. वाचताना खरंच जीव टांगणीला लागतो. पण आईला सरळ ‘अंधश्रद्धाळू बाई’ म्हणून मोकळे! आजार प्रार्थनेने बरा करायचा ही त्या पंथाची शिकवणच आहे, तेवढं एक वाक्य टाकलं असतं तर ती आई माणूस वाटली असती. आणि गंमत बघा, घरातल्या एकावर ‘हाच बिघडलेला’ असा शिक्का मारू नका, सगळं घर समोर बसवा, हेच तर सॅटीर आयुष्यभर सांगत राहिली.

मग दोन घटस्फोट. ते झाले, लिहायलाच हवेत. पण ‘स्वतःचा संसार न टिकलेली बाई दुसऱ्यांचे जोडायला निघाली’ हे वाक्य चरित्रात? हे तर कट्ट्यावरचं बोलणं झालं.

दुसरीकडे कौतुक इतकं की हसू येतं. पालो आल्टोची मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणे तिने एकटीने उभी केली, सोबतच्या डॉन जॅक्सन आणि ज्यूल्स रिस्किन यांचं नावच नाही. एनएलपीची (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे बोलण्या-विचारांच्या सवयी बदलायचं एक तंत्र) ‘जननी’ पण तीच! अहो, बॅंडलर आणि ग्राइंडर या दोघांनी तिची काम करायची पद्धत अभ्यासली, पर्ल्स आणि एरिक्सन या दुसऱ्या दोन थेरपिस्टची पण अभ्यासली, आणि त्यातून एनएलपी काढलं. तिने १९७६ ला त्यांच्यासोबत एक पुस्तक लिहिलं हे खरं, पण म्हणून जननी?

सगळ्यात जास्त खटकलं ते सॅटीरच्या संवादाच्या पवित्र्यांचं, म्हणजे ताणात असताना माणसं एकमेकांशी कशी वागतात-बोलतात त्याचे नमुने. ती लोकांना ते नुसते समजावून सांगायची नाही, अंगाने करायला लावायची, एक जण गुडघा टेकून हात पसरून विनवणी करतोय, दुसरा बोट रोखून उभा, तिसरा काठीसारखा ताठ आणि चौथा भलतीकडेच वळलेला. ते चारही यांनी बरोबर लिहिले. पाचवा, जिथे आतलं आणि बाहेरचं जुळतं, तो गायब! जिथे पोचायचंय तेच नाही. तिचं १९७२ चं ‘पीपलमेकिंग’ हे पुस्तक उघडलं असतं तरी सापडला असता.

मी म्हटलं, प्रत्येक दाव्यासमोर सोर्स लिहून द्या. दोन दिवसांनी एक्सेल आली. सोर्सच्या रकान्यात ओळीने ‘इंटरनेट’, ‘इंटरनेट’, ‘गूगल’. आणि माणसाला वाढीसाठी दिवसाला १२ मिठ्या लागतात, हे तिच्या नावावरचं प्रसिद्ध वाक्य, त्यासमोर एका पोस्टरचा फोटो चिकटवलेला, मागे सूर्यास्त. ती कुठे, कधी, कोणासमोर बोलली याचा पत्ता नाही. तिची कागदपत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅंपसमध्ये जपून ठेवलीत, निदान त्यांची यादी बघा म्हटलं तर पलीकडचा मुलगा एकदम नम्रपणे, ‘मॅडम, सोर्स लागतील असं ब्रीफमध्ये नव्हतं.’ खरंच नव्हतं. ती चूक माझी, त्याचा अर्धा स्टार मी त्यांना परत दिलाय.

दुरुस्त्या दोनदा फुकट केल्या, कुरकुर न करता. घटस्फोटाचं वाक्य काढलं, जॅक्सन आणि रिस्किन आले, पाचवा पवित्रा आला. आईवरचा शिक्का मात्र दुसऱ्या ड्राफ्टमध्ये पण तसाच, तो शेवटी मीच खोडला.

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका करायची असेल तर यांना डोळे झाकून काम द्या, रडवतील सगळ्यांना. विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचं असेल तर सोर्सची अट आधी लेखी घ्या आणि उरलेले अर्धे पैसे एक्सेल बघूनच सोडा.