वटवाघळांचा रेकॉर्डर सहा महिने वापरल्यावर: गेन पहिल्या पानावर, थ्रेशोल्ड चौथ्या!

आठवडाभर पुरावं म्हणून ३२ जीबीचं कार्ड घालून रेकॉर्डर झाडाला बांधला, तर पहिल्याच पहाटे कार्ड भरलेलं. पाच-पाच सेकंदांच्या आठ हजारांवर फायली, आणि त्यांत वटवाघळं असलेल्या फक्त अकरा! बाकी सगळी खरखर आणि नाकतोडे. ३८४ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेताना) तासाला पावणेतीन जीबी जातात, त्यामुळे ट्रिगर, म्हणजे आवाज आला की रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय, उघडाच राहिला की कार्डाचा निकाल लागलाच. मोठं कार्ड घ्या, असं सगळे सांगतात. का घ्यायचं? कचरा साठवायला?

माइक बिघडला असं धरून मी सर्व्हिसला पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला, कागदावर 'दोष आढळला नाही', आणि जायचा-यायचा खर्च माझ्या माथी. तेव्हा फार चिडलो होतो.

आता लिहायला जिवावर येतंय, पण त्यांचंच बरोबर होतं. लांबचे आवाज बारीक येतात म्हणून मीच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) १२ वरून २४ डीबी केला होता आणि थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला ट्रिगर उघडायचा ते) उणे ४२ वरच सोडला होता. इथे थ्रेशोल्ड मोजला जातो गेन लागल्यानंतर. म्हणजे माइकची स्वतःची खरखरही १२ डीबीनं वर आली आणि रात्रभर ट्रिगर दाबून बसली. दोन सेटिंग्ज एकमेकांना बांधलेल्या, पण मेनूत एक पहिल्या पानावर आणि दुसरी चौथ्या. गेन बदलल्यावर एक ओळ दाखवायला काय जात होतं? बाकी बॅटरी, डबा, पट्टा, सगळं ठीक.

गंमत म्हणजे वाढीव गेननं लांबचं काही जास्त मिळालंच नाही. आवाज माइकच्या खरखरीखाली गेला की दोघंही बरोबरीनं मोठे होतात. उलट जवळून गेलेली वटवाघळं क्लिप झाली, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन लाटांचे शेंडे कापले गेले. स्पेक्ट्रोग्राममधले (आवाजाच्या वारंवारतेच्या चित्रातले) ज्यादा हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या रेघा, मी आठवडाभर कौतुकानं लोकांना दाखवत होतो, ते त्या क्लिपिंगचेच.

आता गेन परत १२. शांत रात्री मीटरवर खरखर कुठे थांबते ते बघतो आणि थ्रेशोल्ड तिच्या ८ डीबी वर ठेवतो. मग पाच पावलांवरून किल्ल्यांचा जुडगा हलवतो, त्यातून अल्ट्रासाउंड, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळांसारखा उंच आवाज, भरपूर निघतो. लाल दिवा लागला, जुडगा खिशात गेल्यावर विझला, की निघायचं. हाय-पास (खालचे आवाज गाळणारा फिल्टर) १८ किलोहर्ट्झला ठेवल्यावर रातकिडे बरेचसे गेले. नाकतोडे त्याच्याही वर ओरडतात, त्यांना इलाज नाही.

काल तिसरी रात्र झाली. कार्डावर अजून २६ जीबी शिल्लक आहेत.