सातबारा कोरा, जमीन दुसऱ्याची

40 गुंठे जिरायत, 11,40,000 रुपये. त्यातला इसार 1,50,000 रोख, बाकी चेकनं. नोंदणी फी 11,400, मुद्रांक शुल्क वेगळं. खरेदीखत रीतसर झालं, अंगठे, फोटो, सगळं. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायला, गेलो तेव्हा कळलं, मालकानं हीच जमीन आधीच एकाला खरेदी देऊन ठेवलीय. त्याचा फेरफार प्रलंबित, म्हणून सातबाऱ्यावर नाव अजून मालकाचंच. का लटकला होता ते सांगायला नको.

एजंटनं दिलेला सातबारा मी वाचला होता. क्षेत्र, नाव, इतर हक्कात बोजा नाही, खाली 'प्रलंबित फेरफार : नाही'. तारीख मात्र आठ महिन्यांपूर्वीची, तीही स्टेपलच्या पिनखाली. ताजा उतारा काढू का म्हटलं तर म्हणाला, "साहेब, सर्व्हर डाऊन आहे, आणि आपलं नोंदणीचं टोकन आजचंच आहे." तिथंच उठायला हवं होतं! पण सर्व्हर डाऊन कधी नसतो? कुणालाही खरंच वाटलं असतं. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. 15 रुपये! सही करायच्या दिवशीच काढा, स्वतःच्या मोबाइलवर. टोकन गेलं खड्ड्यात.

सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने दस्त तपासून मालकीचा अहवाल? घेतला होता, 6,000 मोजून. वकील एजंटनंच आणलेला. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, स्वतः बघा, नोंदणी विभागाच्या साईटवर दिसते.

दुय्यम निबंधक म्हणतात, "आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही." नोंदणी कायदा 1908 चा, त्यात तसंच असेल. मग फी कशाची घेता? तलाठ्यानं मंडळ अधिकाऱ्याकडे बोट दाखवलं, त्यांनी नोंद नामंजूर केली आणि वर "प्रांताकडे अपील करा". पोलीस ठाण्यात तर अर्ज वाचायच्या आधीच "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". एकच जमीन दोघांना विकून पैसे खाल्ले, हे दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 कशाला ठेवलंय? तोंडी बोलून परत येऊ नका, लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या.

सगळ्यात जास्त जळतात ते 25,000. 'नोंद लवकर लावतो' म्हणून झिरो तलाठ्यानं, म्हणजे तलाठ्यानं ठेवलेल्या खासगी माणसानं, घेतलेले. नाकं मुरडू नका, नोंदी कशा लागतात ते सगळ्यांना माहीत आहे. लाचलुचपत खात्याच्या 1064 वर तक्रार करायला निघालो तर ओळखीचा वकील म्हणाला, 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार. बळजबरीनं द्यावे लागले असतील तर दिल्यापासून 7 दिवसांत कळवायचं असतं. माझे 7 दिवस त्याच तलाठ्याच्या दारात गेले.