आंघोळ घातलेला कार्बोरेटर

आमच्या दारात १९८२ ची पद्मिनी गाडी आहे. बाबांनी घेतलेली, हँडलला गिअर असलेली. दोन पावसाळे ती माडाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मालवणात समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाडीचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. चतुर्थीला ती चालू हवी हा हट्ट माझा. चालू झाली, पण स्लोवर (ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर) टिकेना. चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) थोडा ओढून ठेवला तर चालायची, आत ढकलला की बंद. मेस्त्री म्हणाले, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) हवा खातोय, खोलून बघूया, पण चार दिवस थांब, हातात दुसरं काम आहे.

मी थांबलो नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पद्मिनीला सोलेक्सचा कार्बोरेटर असतो. गाडीचं उत्पादन बंद होऊन २० वर्षांवर झाली, म्हणजे कोरा पीस मिळालाच तर कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेला. मोबाईलवर शोधताना अगदी तशीच जाहिरात समोर आली: बंद पडलेल्या दुकानाचा माल, कंपनीचा खोका, शेवटचे दोन पीस. किंमत ७,५०० रुपये. फोन केला तर माणूस गोड. गाव विचारलंन, मी मालवण म्हटल्यावर लगेच, "अरे वा, माझं आजोळ तिकडचंच!" (कुठली वाडी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.) गाडीचा फोटो मागितलान, बाबांची आठवण ऐकून घेतलीन, आणि मग म्हणाला, एक पीस सकाळीच गेला, दुसऱ्याला पुण्याचं गिऱ्हाईक आहे. मी ४,००० तिथल्या तिथे पाठवले. बाकीचे ३,५०० पार्सल बसमध्ये चढल्यावर. मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या बसने खोका आला, पहाटे सहाला स्टॉपवर जाऊन घेतला. बसवाल्याचा यात काही दोष नाही, त्याने फक्त डबा आणला.

मेस्त्रींनी खोका उघडला, पीस हातात घेतला आणि स्पिंडल (आतली झडप फिरवणारा दांडा) दोन बोटांत धरून वरखाली हलवला. टकटक वाजला.

"ह्यो नवो न्हय, झिला. जुनोच आसा, आंघोळ घालून धाडल्यान."

मग एकेक दाखवत गेले. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, स्पिंडल त्याहून कडक. वर्षानुवर्षं फिरून बॉडीतलं भोक झिजून लांबट होतं. तिथून आत शिरणारी हवा जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याच्या) हिशेबात नसते, म्हणून स्लोवर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी बंद होते. म्हणजे जे दुखणं माझ्या जुन्या कार्बोरेटरला होतं, तेच मी पैसे देऊन दुसरं घरी आणलं होतं. बूड उलटं केलं तर स्टडची (बसवायच्या बोल्टांची) भोकं गोल कानशीने ओढून लांबट केलेली. बॉडी कुठल्या तरी वेगळ्या गाडीची, ती पद्मिनीच्या मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीवर) बसवायची होती ना! फ्लँज (बुडाची सपाट कडा) काचेवर ठेवला तर एक कोपरा डुलत होता. कानाजवळ चीर, त्यात एम-सील, वरून चंदेरी रंग. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) हलवला तर आत पेट्रोल खळखळलं, म्हणजे तोही फुटका. मेन जेटवर आकडा होता, पण माझ्या जुन्या जेटशेजारी उजेडात धरल्यावर भोक डोळ्यांना मोठं दिसलं. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. कुणीतरी ड्रिल फिरवलं की तो आकडा नुसती नक्षी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रात्री त्या माणसाने पाठवलेले फोटो पुन्हा मोठे करून बघितले. चौथ्या फोटोत वरच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या स्पष्ट दिसत होत्या. कधीच न बसवलेल्या कार्बोरेटरच्या स्क्रूवर पेचकस घसरल्याच्या खुणा कशा असतील? स्टडच्या भोकांभोवती वॉशरचे गोल डागही होते. पुरावा त्यानेच पाठवला होता, मी मात्र खोक्यावरची जुनी छपाई बघत बसलो. तुम्ही मागवणार असाल तर खोक्याचा फोटो नको म्हणा. व्हिडिओ मागा: स्पिंडल हलवताना, बूड काचेवर ठेवून, झाकण उघडून फ्लोटच्या वाटीत. वाटीत तपकिरी वार्निश दिसलं तर त्यात पेट्रोल राहून गेलंय. बॉडीवरचे आकडे आपल्या जुन्याशी ताडून बघा आणि दोन स्टडमधलं अंतर मोजून मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी "तुमच्या मेकॅनिकला कळत नाही", मग नंबर ब्लॉक. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरावरून मेसेज आला, पैसे परत करतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. मी फोन हातात घेतलाही होता. मुलगी ओरडली, "बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही!" तेवढं वाचलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ७,५०० अजून आलेले नाहीत.

माझा जुना कार्बोरेटर मेस्त्रींच्या ओळखीने फोंडा घाटातून कोल्हापूरला उद्यमनगरात गेला. तिथे लेथवर भोक मोठं करून पितळी बुश (आत बसणाऱ्या छोट्या नळ्या) मारले, फ्लँज सपाट केला, वर नवीन किट. सगळे मिळून १,४०० रुपये. चतुर्थी तोवर होऊन गेली होती.

बसवताना मेस्त्रींनी तो खोका पुन्हा उघडला, आत बोट फिरवलं.

"ह्येचे दोन स्क्रू बरे आसत," म्हणाले, "ते मी ठेवतंय."